गेरू की पिवडी? भिंतीला कोणता रंग शोभतो आणि दाराला कोणता?

दिवाळीला महिना उरला की रंगाच्या दुकानात एक ठरलेला प्रसंग घडतो. काउंटरवर शेड कार्ड उघडलेलं असतं. घरातल्या एकाला विटकरी हवा असतो, दुसऱ्याला हळदीकडे झुकणारा पिवळा. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत असतं, की यंदा पांढरा नको, घराला जरा ऊब हवी. शेवटी दुकानदार 'एक भिंत हा मारा, बाकी तो मारा' असा तोडगा काढतो आणि पिशव्या घेऊन मंडळी घरी येतात. आठ दिवसांनी लक्षात येतं की कार्डावर मातीसारखा छान वाटणारा रंग भिंतीवर काळपट दिसतोय, किंवा सोनेरी वाटलेला रंग ट्यूबलाइटखाली हिरवट झालाय.

कार्डावर या रंगांना टेराकोटा, मस्टर्ड, ऑकर अशी नावं असतात. मराठी घरांत ते फार जुने आहेत. एक गेरू, दुसरी पिवडी. कुंडीला, तुळशी वृंदावनाला, सारवलेल्या अंगणाच्या कडेला लावतात तो गेरू. चुन्यात कालवून भिंतींना देत असत ती पिवळी माती म्हणजे पिवडी. दोन्ही ऊबदार, दोन्ही मातीचे. तरीही भिंतीवर आणि दारावर ते अगदी वेगवेगळे वागतात.

दोन्हींच्या मुळाशी लोखंडच

गेरूचा लाल रंग येतो हेमॅटाइटमुळे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. पिवडीचा पिवळा येतो गोएथाइटमुळे. तेही लोखंडाचं ऑक्साइडच, फक्त त्याच्या रचनेत पाण्याचा अंश अडकलेला असतो. पिवळी माती साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तो अंश निघून जातो आणि माती लाल होते. थोडक्यात, पिवडी भाजली की गेरू तयार होतो. लोखंडाचा अंश असलेली पिवळट-तपकिरी माती कुंभाराच्या भट्टीतून लाल होऊन बाहेर येते, त्यामागेही हेच कारण आहे.

याचा एक मोठा दाखला इटलीत आहे. पॉम्पेई शहराच्या भिंती म्हटलं की तिथला गडद लाल रंग आठवतो. पण व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इ.स. ७९ मधल्या उद्रेकात निघालेल्या तप्त वायूंमुळे तिथल्या अनेक पिवळ्या भिंती लाल झाल्या, असं इटालियन संशोधकांनी २०११ मध्ये मांडलं. जगभर 'पॉम्पेई लाल' म्हणून मिरवणारा रंग काही घरांत मुळात पिवळा होता तर!

आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रांत हे दोन्ही मातीचे रंग आहेत आणि इतक्या शतकांनंतरही ओळखू येतात. ऊन, चुना, हवा यांपैकी कशालाही हे रंग सहजासहजी दाद देत नाहीत. चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यात कित्येक रंग बिघडतात. गेरू आणि पिवडी टिकतात. जुन्या घरांनी चुन्यात घालायला हेच दोन रंग उचलले, त्यामागे आवड होतीच, पण हा अनुभवही होता.

कोकणात आणि गोव्यात गेरूला काव म्हणतात. त्यावरूनच कावी कलेला नाव मिळालं. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा लाल थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा पाडत चित्र काढायचं, अशी ही पद्धत. गोव्यात मोरजीच्या मोरजाई मंदिरात ती पाहायला मिळते. पालघरकडच्या वारली घरांत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात. दोन्हीकडे गेरू आहे तो पार्श्वभूमीला. पांढऱ्याला उठाव देण्यात त्याचा हात धरणारा रंग विरळा, आणि दाराचा रंग निवडताना हे कामाला येतं.

प्रकाश किती खाणार?

भिंतीचा रंग निवडताना पहिला प्रश्न हा असायला हवा. रंगाच्या धंद्यात यासाठी एक आकडा वापरतात. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत फेकला जातो, तो हा आकडा. स्वच्छ पांढरी भिंत ८० टक्क्यांच्या पुढे जाते. पिवडीच्या जातीचे मध्यम पिवळे रंग साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या घरात असतात. कुंडीच्या गेरूसारखा गडद रंग १५ ते २० टक्क्यांच्या आसपास राहतो.

म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत चारही भिंती गेरू केल्या, तर तोच दिवा निम्म्याहून कमी उजेड देतोय असं वाटणार. शेजारच्या इमारतीची भिंत चार फुटांवर असलेल्या फ्लॅटमध्ये हा धोका पत्करू नये. वाड्यातल्या किंवा कौलारू घरातल्या गेरूच्या ओसरीचे फोटो पाहून अनेकांना मोह होतो, पण त्या ओसरीची एक बाजू सताड उघडी असते हे फोटोत पटकन लक्षात येत नाही.

पिवडी उजेडाच्या बाबतीत उदार आहे, पण तिची एक खोड आहे. चारही भिंती पिवळ्या असल्या की एका भिंतीवरून परतलेला पिवळा उजेड दुसऱ्या भिंतीवर पडतो, तिथून तिसरीवर. सगळा रंग स्वतःलाच चढवत नेतो. त्यामुळे खोलीभर लावलेला पिवळा कार्डावरच्यापेक्षा हमखास भडक वाटतो. छत पांढरं असलं तरी त्यावर पिवळी झाक येते, आरशात चेहराही पिवळट दिसतो. पिवळा ठरला असेल तर कार्डावर आवडलेल्या रंगापेक्षा एक पायरी फिकट आणि थोडा राखाडीकडे झुकलेला घ्यावा. दुकानात तो मळका वाटेल, पण घरात गेल्यावर नेमका बसेल.

संध्याकाळी तर फरक आणखी वाढतो. उजेड कमी होत गेला की माणसाच्या डोळ्याला लाल रंग सगळ्यात आधी काळवंडलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकातल्या पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. जिन्यातला दिवा गेला की गेरूचं दार काळं दिसतं आणि पिवळं दार बराच वेळ ओळखू येतं, ते यामुळेच. घरात वयस्कर माणसं असतील आणि पॅसेज अंधारा असेल, तर ही बाब सौंदर्यापेक्षा मोठी आहे.

आधी दिवे बघा, मग शेड कार्ड

घराघरांत अजूनही ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र, निळसर उजेडाच्या एलईडी ट्यूब असतात. या उजेडाखाली पिवडी हिरवट होते आणि गेरू तपकिरीकडे जातो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावला तर तोच गेरू निखाऱ्यासारखा फुलतो, पिवडी मधासारखी दिसते. दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. रंगावर काही हजार रुपये घालण्याआधी दीड-दोनशेचा एक दिवा बदलून पाहणं केव्हाही स्वस्त.

खिडकीची दिशाही बघावी लागते. पश्चिमेच्या खोलीत दुपारी चारनंतर ऊन आधीच पिवळं-केशरी येतं. त्यात पिवळी भिंत म्हणजे गोडात गोड. गेरू तिथे एका भिंतीपुरता चालतो. उत्तरेच्या खोलीत दिवसभर थंड, सावलीतला उजेड असतो आणि तिथे पिवडी आपलं काम चोख करते. गेरू अशा खोलीत मुका वाटतो.

जाता जाता एक गैरसमज. ऊबदार रंग लावल्याने खोलीच्या आतलं तापमान वाढत नाही, वाढतो तो फक्त भास. बाहेरच्या भिंतीचं मात्र तसं नाही. उन्हात गडद गेरू फिकट पिवळ्यापेक्षा जास्त उष्णता शोषतो. विदर्भात किंवा मराठवाड्यात पश्चिमेची बाहेरची अख्खी भिंत गेरू करणं म्हणजे मे महिन्यात कूलरवर जास्तीचा भार टाकणं. तिथे फिकट पिवडी, आणि गेरूचा पट्टा फक्त जोत्यापुरता. कोकणातही भिंतीच्या तळाशी असा पट्टा शोभतो आणि सोयीचाही पडतो, कारण पावसाळ्यात उडणारे लाल मातीचे शिंतोडे त्यावर दिसत नाहीत.

फरशी विसरू नका

खोलीतला सगळ्यात मोठा न बदलणारा रंग जमिनीवर असतो. शहाबादी फरशीच्या राखाडी रंगावर गेरू फार सुंदर दिसतो, पिवडीही शोभते. हिरवट कोटा असेल तर गेरू त्यावर ठसठशीत उठतो, कारण लाल आणि हिरवा एकमेकांना उजळवतात. आता बहुतेक फ्लॅटमध्ये क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. त्यांच्यावर फिकट पिवडी लावली की भिंत आणि जमीन एकमेकांत विरघळतात, सगळं घर साय धरलेल्या दुधासारखं दिसतं. तिथे एक भिंत गेरू आणि बाकी तुटक पांढरा हा दुकानदाराचा तोडगा खरंच चांगला ठरतो.

दार म्हणजे भिंत नव्हे

दाराचं गणित उलटं आहे. भिंत मागे राहायला हवी, दाराने पुढे यायला हवं. दाराचं क्षेत्रफळही जेमतेम वीस-एकवीस चौरस फूट, त्यामुळे प्रकाश खाण्याचा प्रश्न येत नाही. म्हणूनच भिंतीवर जड होणारा गेरू दारावर रुबाबदार वाटतो. पांढऱ्या किंवा पिवळसर भिंतीत गेरूचं दार, त्यावर पितळी कडी आणि झेंडूचं तोरण, हे चित्र कुठल्याही सजावटकाराशिवाय जमून जातं. पणजीच्या फोंतेन्हास भागात फिरताना पिवळ्या आणि लाल भिंती, त्यांना पांढऱ्या किनारी असलेली घरं दिसतात. तिथे दोन रंगांमधली ती पांढरी रेघ नीट पाहावी. गेरू आणि पिवडी एकमेकांना थेट भिडले तर चिखल होतो, मध्ये बोटभर पांढरं आलं की दोघेही खुलतात. घरी हे काम चौकट करू शकते.

पिवळं दार वाईट असं नाही. राखाडी किंवा उघड्या जांभ्याच्या भिंतीत ते प्रसन्न दिसतं. पण त्यावर कडीभोवतीचे हाताचे डाग महिन्याभरात उठतात. गडद चकचकीत गेरूवर डाग लपतात, पण धूळ दिसते, ओरखडाही पांढरा उमटतो. मुलं सायकल दाराला टेकवून ठेवत असतील तर अर्धचकाकीचा, म्हणजे सॅटिन फिनिशचा रंग घ्यावा. दोन्ही रंगांवर तो क्षमाशील असतो.

सागवानी दार असेल तर त्यावर रंग न मारलेलाच बरा. सागाचा सोनेरी तपकिरी रंग मुळात पिवडीचा नातेवाईक. त्याच्या बाजूला पिवळी भिंत आली की दोघंही फिके पडतात, गेरूची किंवा पांढरी भिंत त्याला उठाव देते. सनमायका लावलेल्या दारांवर तर साधा ऑइल पेंट नीट धरतही नाही.

जुन्या पिवळ्या दारात लपलेला धोका

दोन रंगांमधला सगळ्यात गंभीर फरक शोभेशी संबंधित नाही. ऑइल पेंटमधला चमकदार पिवळा रंग कित्येक दशकं लेड क्रोमेटपासून, म्हणजे शिशाच्या संयुगापासून केला जात होता. भडक केशरी आणि शेंदरी-लाल छटांतही शिसं असायचं. शेंदूर स्वतः शिशाचंच ऑक्साइड आहे. गेरूसारखा मातकट लाल मात्र लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनतो, त्यासाठी शिशाची गरजच नसते. बाजारातल्या ऑइल पेंटच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांत शिशाचं जास्त प्रमाण प्रामुख्याने पिवळ्या, केशरी आणि लाल डब्यांत आढळलं, पांढऱ्यात कमी.

भारतात केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम करून घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घातली. ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे आज नियमाप्रमाणे बनलेला डबा घेतला तर पिवळा काय आणि लाल काय, फार चिंता नाही. डब्यावर शिशाबद्दलची माहिती छापलेली असते, ती वाचून घ्यावी.

प्रश्न आहे तो २०१७ च्या आधी रंगवलेल्या दारा-खिडक्यांचा. नवा रंग देण्याआधी रंगारी जुनं दार पॉलिश पेपरने घासतो. ती पिवळी भुकटी घरभर उडते, फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भवती स्त्रियांसाठीही ते घातक आहे.

त्यामुळे जुनं दार, विशेषतः पिवळं, केशरी किंवा भडक लाल असेल तर ते कोरडं घासू नये आणि ब्लो लॅम्पने जाळून तर मुळीच काढू नये. पोपडे निघाले नसतील तर जुना थर तसाच ठेवून त्यावर नवा रंग देणं सगळ्यात सुरक्षित. घासावंच लागलं तर पाणी लावून, वॉटर पेपरने, दार शक्यतो अंगणात किंवा गच्चीत नेऊन, खाली प्लास्टिक अंथरून घासावं. भुकटी झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि ते फडकं टाकून द्यावं. काम चालू असताना लहान मुलं आणि गर्भवती स्त्रिया दुसऱ्या घरी गेलेल्या बऱ्या. रंगाऱ्यालाही चांगला मास्क द्यावा, तो हे काम रोज करतो.

खर्च, थर आणि मशीन

आज दुकानात रंग मशीनवर बनतो. पांढऱ्या किंवा पारदर्शक बेसमध्ये निरनिराळे घट्ट रंग थेंबाथेंबाने सोडले जातात. त्यात रेड ऑक्साइड आणि यलो ऑक्साइड असतात, तेच आधुनिक गेरू आणि पिवडी. त्यांच्यासोबत चमकदार सेंद्रिय लाल आणि पिवळेही असतात. मातकट छटा बहुतांश ऑक्साइडपासून होते. ती उन्हात टिकते आणि खालचा रंग चांगला झाकते. लिंबासारखा किंवा झेंडूसारखा झळझळीत पिवळा सेंद्रिय रंगांवर अवलंबून असतो. त्याची झाकण्याची ताकद कमी, म्हणून दोनाऐवजी तीन-चार हात मारावे लागतात, आणि बाहेरच्या भिंतीवर तो लवकर विटतो. संगणकावर प्रत्येक शेडचं सूत्र दिसतं. त्यात ऑक्साइड किती आणि बाकीचं किती, हे दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

हिशेब साधा आहे. दहा बाय बाराच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीच्या भिंती दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३५० चौरस फूट भरतात. दोन हातांसाठी एका लिटरमध्ये १२० चौरस फुटांच्या आसपास काम होतं असं धरलं तर तीन लिटर लागतात. एकच भिंत करायची तर एक लिटर पुरतो. गडद गेरू पारदर्शक बेसमध्ये बनतो, तो प्रति लिटर बहुधा महाग पडतो, आणि मॅट फिनिशमध्ये त्यावर हात घासला गेला तरी चकाकणारा डाग राहतो. सोफ्याच्या मागच्या भिंतीवर हे पक्कं लक्षात येतं.

कंटाळा आल्यावर रंग बदलायचा झाला तर पिवडी सुटसुटीत, फिकट पिवळ्यावर दोन हातांत पांढरा बसतो. गेरूवर आधी प्रायमर, मग दोन-तीन हात. भाड्याच्या घरात, जिथे सोडताना भिंती पूर्ववत करून द्यायच्या असतात, तिथे गेरूची हौस दारामागच्या कोपऱ्यापुरतीच ठेवावी.

खरा गेरू आणि खरी पिवडी आजही चालते का?

चालते, पण जागा बघून. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याची जुनी घरं श्वास घेतात. त्यांच्यावर प्लास्टिक पेंट मारला की आतली ओल अडकते आणि पोपडे सुटतात. अशा भिंतीला चुन्यात कालवलेली पिवडी हाच योग्य उपाय. चुना चांगला मुरलेला हवा, रंग आधी पाण्यात वेगळा भिजवून गाळून घ्यायचा आणि सगळी भिंत एकाच घाणीत उरकायची, कारण दुसऱ्या घाणीत तीच छटा जुळणं कठीण. ओला असताना रंग बराच गडद दिसतो. वाळल्यावर तो पुष्कळ फिकट होतो, म्हणून आधी एका कोपऱ्यात लावून दुसऱ्या दिवशी पाहावं.

नुसत्या पाण्यात कालवलेल्या गेरूला धरून ठेवणारं काहीच नसतं. त्या भिंतीला टेकलं की सदरा लाल झालाच. म्हणून वृंदावनाला, कुंडीला, जोत्याला तो ठीक, बैठकीच्या खोलीत नको. आणि आधी ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट दिलेल्या भिंतीवर चुना टिकत नाही, तो पापुद्र्यासारखा सुटून येतो.

ठरवायचं कसं?

शेड कार्डवरचा चौकोन नखाएवढा असतो आणि त्याच्याभोवती पांढरं असतं, म्हणून त्यावर विसंबू नये. दोन्ही रंगांचे छोटे डबे बनवून घ्यावेत आणि दोन फुटी पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून ते भिंतीला टेकवून ठेवावेत. थेट भिंतीवर ठिपके मारले तर शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. पुठ्ठा फिरवता येतो, खिडकीच्या भिंतीवर, तिच्या समोर, दाराशेजारी. सकाळी सातला, दुपारी एकला आणि रात्री आठला दिवे लावून पाहावा. असे किमान दोन दिवस.

तरीही घरात एकमत होत नसेल, तर बहुतेक मराठी घरांसाठी कौल असा देता येतो. भिंतींना एक पायरी फिकट, मातकट पिवडी, मुख्य दाराला गेरू आणि चौकट पांढरी. अपवाद दोन. भरपूर उजेडाची, शहाबादी फरशीची खोली असेल तर एक भिंत बिनधास्त गेरू करावी. आणि जिन्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घराचं दार असेल, तर ते पिवळंच असू द्यावं, म्हणजे लाइट गेल्यावरही किल्ली कुठे लावायची ते दिसेल.